तात्यांनी पाणी पाळलं

सुदामतात्यांच्या खिशाला कायम दोन पेनं असायची. एक लिहायचं आणि एक पाण्यात बुडवायचं. दुसरं म्हणजे खरं तर पेन नव्हेच, पाण्यात क्षार किती आहेत ते आकड्यात दाखवणारं मीटर. तात्यांचा चौसाळ्यात पाण्याचा प्लांट होता. बोअरचं जड पाणी यंत्रातून काढायचं, हलकं करायचं, गार करून जारमध्ये भरायचं आणि टेम्पोतून घरोघर पोचवायचं. त्यामुळं मीटर प्लांटवर असणं साहजिक होतं. पण तात्या ते घेऊन लग्नाला जायचे. पंगत बसली, ग्लासात पाणी पडलं, की मीटर बुडवायचे आणि शेजारच्याला सांगायचे, "नऊशे! दोन घोट घ्या. तिसरा घेतला तर मुतखडा हाय." एका लग्नात नवरीच्या मामानं त्यांच्यापुढं हातच जोडले होते. "तात्या, अक्षता पडू द्या, मंग मोजा."

जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी बदली चौसाळ्याला झाली आणि मी तात्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला गेलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, पोरं डबा खातेत का?"

मला वाटलं, शालेय पोषण आहाराची चौकशी चाललीय. मी तांदळाचा दर्जा, भाजीचा ठेकेदार असं सांगायला लागलो. तात्यांनी हात वर केला. "ते ऱ्हाऊ द्या. खातेत का? खातेत तर मंग काळजी न्हाई. शिकतेत आपोआप."

त्यांचे वडील मेंढ्या राखायचे आणि तात्यांचं लहानपण बालाघाटाच्या माळावर मेंढ्यांमागं गेलं होतं. जनावर चरतंय ना, मग बरं आहे, नाही चरलं की बघायचं, एवढं एकच शास्त्र ते तिथून घेऊन आले होते आणि ते जावयापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना लावायचे. खोलीत शिरले की ओठातल्या ओठात माणसं मोजायचे. ग्रामसभेत बसले तरी मोजायचे. पूर्ण भरली की "हां, हायेत समदे" म्हणून मांडी घालायचे. मग सभेत काय चाललंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे.

अशा माणसाच्या घरी समुद्र यायचं काही कारण नव्हतं. पण तो आला.

झालं असं, की तात्यांच्या पुतण्याला मालवणकडं नोकरी लागली. तात्या आणि त्यांची बायको सुमनकाकू त्याच्याकडं चार दिवस राहून आले. पुतण्यानं हौसेनं काकाला होडीत बसवलं, अंगात फुगीर जाकीट घातलं, तोंडात नळी दिली आणि पाण्यात सोडलं. काकूंनी होडीत पाय टाकायला साफ नकार दिला. त्या वाळूत सगळ्यांच्या चपला राखत बसल्या.

"तोंड पाण्यात घातलं, गुरुजी," तात्या मला सांगत होते, "आन् खाली येगळंच गाव! दगडाला फुलं, फुलाला तोंडं, आन् ती तोंडं मिटतेत, उघडतेत. मासे असे फिरायलेत जणू बाजाराचा दिवस हाय. मी आपला गप पडून बघायलो. तर त्या होडीवाल्या पोरानं मला जाकिटाला धरून वर वढलं. त्याला वाटलं, म्हातारं गेलं! म्हणला, आजोबा, ठीक हाव ना? म्हणलं, सोड बे, बघू दे!"

परत आल्यावर त्यांनी हे काकूंना किती वेळा सांगितलं असेल, त्याला गणती नाही. काकू भाकरी थापता थापता ऐकायच्या आणि म्हणायच्या, "व्हय. दगडाला फुलं. लई झालं आता, जेवून घ्या." तात्या हिरमुसायचे. सांगून कळणारी गोष्ट नव्हती ती. शेवटी एक दिवस ते मला म्हणाले, "हिनं बघितल्याबिगर हिला पटायचं न्हाई. आन् ही काय पाण्यात उतरायची न्हाई. मंग आता पाणीच वर आणावं लागंल."

फोनवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी खाऱ्या पाण्याच्या पेटीचं शिक्षण सुरू केलं. व्हिडिओवाले लोक ज्या ज्या वस्तू सांगायचे, त्यांच्या किमती ऐकून तात्या मोबाईललाच उत्तर द्यायचे, "तुला बापानं पैसा ठेवलाय काय बे?" आणि पुढचा व्हिडिओ लावायचे. अखेरीस स्वस्तातला मार्ग त्यांनी स्वतःच काढला. शुद्ध पाणी घरचंच होतं. बीडमध्ये खिडक्यांना काचा बसवणाऱ्या एका कारागिराकडून जाड काचेची पेटी चिकटवून घेतली. जार ठेवायच्या लोखंडी रॅकवर ती बसली. पंप म्हणून आधी कुलरची मोटर लावून बघितली, पण खारट पाण्यानं ती आठ दिवसांत गंजली. तेव्हा नाइलाजानं खरा पंप आणावा लागला.

मीठ मात्र त्यांना वाटलं तसं सोपं निघालं नाही. काकूंच्या बरणीतलं खडेमीठ ढवळून त्यांनी पहिला समुद्र तयार केला, जिभेला लावला आणि जाहीर केलं, "हुबेहूब!" मग व्हिडिओत कळलं, की समुद्रात नुसतं मीठ नसतं, आणखी ढीगभर क्षार असतात आणि त्यासाठी वेगळं मीठ विकत मिळतं. तो समुद्र त्यांनी परसात ओतला. ओतला तो नेमका काकूंच्या कढीपत्त्याच्या बुडाशी. झाड पंधरवड्यात वाळलं. त्या घरची आमटी त्यानंतर बरेच दिवस कढीपत्त्याशिवाय झाली आणि तात्यांनी 'कावून?' म्हणून विचारलं नाही.

मग दगड. समुद्रातला प्रवाळ काढायला कायद्यानं बंदी आहे, हे त्यांना पुतण्यानं बजावून सांगितलं होतं. तात्या म्हणाले, "कावून काढायचा? आपण वतू की!" सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा कालवून, आत खड्डे-भोकं ठेवून त्यांनी दगड ओतले. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि जीव मारतो, म्हणून ते दगड कित्येक आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचे आणि पाणी बदलत राहायचं. तात्या रोज सकाळी दगडांचं पाणी बदलताना दिसायचे. बाजूनं जाणारा विचारायचा, "तात्या, स्लॅब टाकला का?"

"व्हय."

"कुणाचा?"

"माशांचा."

दगड पेटीत बसले, विकतचं मीठ विरघळलं, पंप सुरू झाला, निळसर पांढरा दिवा लागला. संध्याकाळी रस्त्यावरून खिडकीत तो निळा उजेड दिसायचा आणि परगावच्या दोघांनी तर आत येऊन थंड बियर आहे का म्हणून विचारलं. गावाला कळलं, तात्यांनी मासे आणले. लोक बघायला आले. बघतात तर आत दगड आणि पाणी.

"मासे कुठंत?"

"येणारेत."

"कवा?"

"पाणी पिकलं की."

खरंही होतं ते. नव्या पाण्यात माशांची घाण पचवणारे सूक्ष्म जीव आधी वाढावे लागतात. त्यांना खाऊ म्हणून तात्यांनी बीडच्या बाजारातून एक झिंगा आणून पेटीत सडायला टाकला. काकू माळकरी. घरात झिंगा आलाय, तोही सडका, हे त्यांना वासावरून कळलं. त्यांनी स्वयंपाकघराला पडदा लावला आणि तात्यांचं ताट पडद्याबाहेर आलं. पण तात्यांनी जिद्द सोडली नाही. रोज पाण्याच्या चाचण्या करायचे, नळीतला रंग उन्हात धरून बघायचे आणि मला खालून हाक मारायचे, "गुरुजी, ह्यो हिरवा म्हणायचा का पिवळा?" मी हिरवा म्हटलं की ते पिवळा म्हणायचे. मग विचारायचे कशाला, असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "सोबत असावी माणसाला."

दीड-दोन महिने त्या पेटीत काहीही नव्हतं. पारावर नाव पडलं, 'तात्यांनी पाणी पाळलं.' कुणी विचारायचं, "तात्या, पाणी पिलं देतं का?" तात्या गंभीरपणे सांगायचे, "गाभण हाय."

शेवटी पाणी पिकलं. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून दोन मासे आणि मऊ प्रवाळांचे चार-पाच तुकडे यायचे ठरले. थर्माकोलचा डबा खाजगी बसनं बीडला आला आणि तात्या तो घ्यायला स्वतः गेले. परत एसटीत डबा मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?"

"समुद्र," तात्या म्हणाले.

कंडक्टर बीडचाच होता. "समुद्राला फुल तिकीट लागंल. नदी असती तर हाफ काढलं असतं."

मासे होते नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढे. एक थोडा मोठा, एक लहान. प्रवाळाचे तुकडे म्हणजे दगडाला चिकटलेली शर्टाची बटणं. तात्यांनी डबा उघडल्यापासून मासे पेटीत सोडेपर्यंत वाटीवाटीनं पाणी मिसळत अर्धी दुपार घालवली. नव्या सुनेलाही कुणी इतक्या हळू घरात घेत नाही. काकू पडद्याआडून म्हणाल्या, "वोवाळायला येऊ का?"

दुसऱ्या दिवशी माशांनी दाणा टिपला. तात्या जिना चढून वर आले, धापा टाकत. "गुरुजी, खाल्लं!"

या माशांविषयी त्यांना पुढं जे कळलं, त्यानं गावात चार दिवस दुसरा विषय नव्हता. हे मासे जन्मतात ते सगळे नरच. जोडीतला थोरला तेवढा मादी होतो. मादी मेली, तर मागं राहिलेला नर मादी होतो. तात्यांनी हे पारावर सांगितलं. म्हातारी मंडळी हादरली. एक जण म्हणाला, "गप बसा तात्या, पोरं ऐकायलेत." दुसऱ्यानं हळूच विचारलं, "आन् त्याची तकरार नसती का?" तात्या उत्साहात घरी आले आणि काकूंनाही सांगितलं. काकू पिठाचे हात झटकत म्हणाल्या, "मंग तुमी बी व्हा की. आठ दिस भाकरी थापून बघा, मंग सांगा मला समुद्राच्या गोष्टी."

पण काकूंनी पेटीकडं पाहिलं नाही. हे मी नीट बघितलं होतं. त्या खोलीतून जायच्या तेव्हा मान वळवून जायच्या. केर काढायच्या, पेटीपाशी केरसुणी थांबायची आणि पुढं जायची. तात्या रोज संध्याकाळी दिवा लावून हाक मारायचे, "ये की, फुलली बघ आता." आतून आवाज यायचा, "दूध वर यायलंय." तात्यांकडं गाय होती, पण इतकं दूध ती देत नव्हती.

उन्हाळा आला आणि खेळ संपला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे पत्र्यावर पापड भाजावा असा, आणि समुद्रातल्या जिवांना पाणी कोमटच्या वर गेलेलं चालत नाही. तात्यांनी घरातला एकमेव कुलर पेटीकडं वळवला. काकू म्हणाल्या, "माणसांनी उकडून मरावं, माशांला वारा." पाणी उडून जायचं, ते गोड पाण्यानं भरून काढायचं. त्यात बोअरची पातळी खाली गेली. प्लांट दिवसातून अर्धा वेळ बंद. टँकरची वाट बघणाऱ्या गावात कुणीतरी बोललंच. ग्रामपंचायतीच्या एका सदस्यानं मोबाईलच्या ग्रुपवर टाकलं, की लोकांच्या घशाला कोरड आणि इथं माशांचे लाड.

तात्या पारावर गेले. चिडले नव्हते. म्हणाले, "पेटीत पाच-सहा जारचं पाणी हाय. या, समद्यांनी मिळून प्या. मीठ फुकट." लोक हसले, विषय मिटला. पण घरी आल्यावर तात्या ओसरीवरच बसले. मला म्हणाले, "त्याचं बी चुकलं न्हाई, गुरुजी. पुण्याला परत देऊन टाकावं म्हणतो." त्या दिवशी त्यांनी संध्याकाळचा दिवाही लावला नाही. काकूंनी आतून विचारलं, "आज हाक न्हाई ती?" तात्या उठून गायीला वैरण टाकायला गेले.

त्यानंतर दोनेक दिवसांनीच गल्लीची डीपी जळाली. सकाळची शाळा सुटून मी भर उन्हात घरी आलो, तर सगळीकडं सामसूम. पंखा नाही, पंप नाही. तात्या पहाटेच बोअरची मोटर दुरुस्तीला घेऊन बीडला गेले होते आणि प्लांटचा इन्व्हर्टर एरवी पेटीला आधार द्यायचा, तोही संपला होता. मला पेटीची आठवण झाली म्हणून मी खाली डोकावलो.

काकू स्टुलावर उभ्या होत्या. पदर खोचलेला. हातात तांब्या. पेटीतलं पाणी तांब्यानं उचलायच्या, हात वर नेऊन धार सोडायच्या, पुन्हा उचलायच्या. पाण्यात बुडबुडे जात होते. पेटीभोवती ओली चादर गुंडाळली होती. पाणी वाहतं राहिलं नाही तर मासे गुदमरतात, हे तात्यांनी पडद्यापलीकडं शंभरदा सांगितलं असणार. त्या ऐकत होत्या तर.

"काकू, मी करतो, द्या," मी म्हणालो.

"तुमचा हात लागंल साबणाचा. तुमी वारा घाला." त्यांनी मला पुठ्ठा दिला. मी मुकाट्यानं वारा घालू लागलो. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "माशांसाठी न्हाई करायले मी. ते घरी आले आन् ही मेली दिसली, तर त्या माणसाचं तोंड बघायचं कुणी?"

थोरली मादी तेव्हाच तळाशी आडवी होत होती. धाकटा तिच्याभोवती फिरत होता. काकूंचा हात थांबला नाही. धार सोडता सोडता त्या वाकल्या, चादर जराशी बाजूला केली आणि पहिल्यांदा आत नीट पाहिलं. खिडकीतून ऊन येत होतं. त्या उजेडात बटणं उघडली होती. हिरवी, मध्ये केशरी ठिपका, कडेला पापणीसारखे केस, आणि धारेच्या हेलकाव्यानं सगळी एकदम डोलत होती.

"अगं बया," काकू म्हणाल्या. "ही खरंच तोंडं हायेत की!"

तात्या दुपार कलल्यावर आले. दारात मोटर खांद्यावर घेऊन उभे राहिले. बायको स्टुलावर, गुरुजींच्या हातात पुठ्ठा. त्यांनी मोटर खाली ठेवली, आत आले, पेटीत बघितलं. थोरली गेलेली होती. त्यांनी ओठातल्या ओठात मोजलं असावं, कारण ओठ हलले. मग काकूंच्या हातातला तांब्या घेतला आणि धार धरली. काकू स्टुलावरून उतरल्या, तेव्हा त्यांचा उजवा हात त्यांना वर उचलवेना. लाईट आली तेव्हा दिवेलागण झाली होती. पंपाचा आवाज सुरू झाला आणि तात्यांनी तांब्या खाली ठेवला.

मेलेल्या मादीला त्यांनी परसात पुरलं. परत येऊन हात धुतले आणि म्हणाले, "उद्या पुण्याला फोन करतो. घेऊन जाय म्हणतो ऱ्हायलेलं."

"आन् हा?" काकूंनी धाकट्याकडं बोट केलं.

"तो बी."

"तुमीच म्हणलता ना, मागं ऱ्हायलेला बाई व्हतो म्हणून?"

"म्हणलतो. मंग?"

"मंग व्हऊ द्या की. त्याला एक बारका जोडीदार बोलवा पुण्याहून. आन् परसातलं ते चिंचंखालचं माठाचं पाणी माझ्या अंघुळीचं म्हणून ठेवते ना मी, त्यातलं घ्या माशांला. माझ्या वाट्याचं हाय. कोण काय बोलतंय बघते."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "ते पाणी नऊशेचं हाय. यंत्रातून काढावं लागंल."

"मंग काढा!" काकू म्हणाल्या आणि भाकरी करायला गेल्या.

पुढचं वर्ष त्या पेटीचं चांगलं गेलं. नवा जोडीदार आला. आधी धाकट्यानं त्याला दोन दिवस कोपऱ्यात कोंडलं, मग जवळ केलं. राहिलेला धाकटा हळूहळू अंगानं भरला आणि काकू त्याला 'ती' म्हणू लागल्या. बटणांची संख्या वाढली, एक दगड पुरा झाकला. मीही घरी आलो की आधी खाली डोकावत असे. मग माझी बदली परळी तालुक्यात, धर्मापुरीला झाली.

निघायच्या दिवशी मी निरोप घ्यायला खाली गेलो. खोलीत गल्लीतल्या सात-आठ बायका दाटीनं बसल्या होत्या आणि पेटीपुढं काकू उभ्या. "ही थोरली. आधी गडी व्हती," त्या सांगत होत्या. "हात लावू नगा, मसाल्याचा हात लई झोंबतो त्यांला. आन् हे बघा, हे फूल न्हाई. जीव हाय. ह्याला भूक लागती." बायका हरखून बघत होत्या. काकूंनी सांगितलेल्या निम्म्या गोष्टी चुकीच्या होत्या, पण ऐकणाऱ्यांना त्याची फिकीर नव्हती.

तात्या खोलीबाहेर, दाराच्या चौकटीपाशी उभे होते. जार भरून आले असावेत. आत पाय टाकणार एवढ्यात काकूंनी मान न वळवता सांगितलं, "हात धुतले का? क्लोरिनचा वास यायलाय. धुऊन या आधी."

तात्या नळावर गेले, हात धुतले, परत आले. पुसायला काही सापडेना आणि आत तर बोलणं रंगात आलेलं. मी म्हणालो, "तात्या, येतो मी. गाडी आलीय."

त्यांनी ओले हात अंगापासून लांब धरले होते, पंगतीत वाढायला उभा असलेला माणूस धरतो तसे. मला त्यांनी मानेनंच थांबायची खूण केली.

"जरा दम धरा, गुरुजी," ते कुजबुजले. "ती सांगायलीय."